दमलेली गाडी आणि दोषनिदानाची शिस्त

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रशासनाचा बराचसा कारभार आजही चार चाकांवर चालतो. लसींची शीतपेटी उपकेंद्रापर्यंत पोहोचवणे असो, मतदान पथकाला डोंगरावरील केंद्रावर नेणे असो, पाणीटंचाईची पाहणी असो किंवा अडलेल्या बाळंतिणीला ग्रामीण रुग्णालयात हलवणे असो, या प्रत्येक कामामागे कोणती ना कोणती डिझेल गाडी उभी असते. ही गाडी नवी असते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु तिने दोन लाख किलोमीटरचा पल्ला ओलांडला, की ती हळूहळू दमू लागते. चढावर मागे रेलते, धूर ओकते, डिझेल अधिक पिते. मग कार्यालयात दोनच मते ऐकू येतात. एक मत, "गाडी जुनी झाली, चालायचेच." दुसरे मत, "टर्बो गेला, नवा बसवा." ही दोन्ही मते बहुधा तपासणीवाचून दिलेली असतात आणि दोन्हींचा भुर्दंड सार्वजनिक निधीवर पडतो.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला.

घाटातील अडतीस मिनिटे

एका पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीतील एका तालुक्यात प्रसिद्धीच्या कामासाठी आम्ही गेलो होतो. सायंकाळी परत निघताना घाटाच्या पायथ्याच्या गावी लोकांनी गाडी थांबवली. एका तरुण स्त्रीला प्रसूतिवेदना सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती. आम्ही त्या स्त्रीला, तिच्या सासूला व आशा कार्यकर्तीला गाडीत घेतले. पुढे नऊ किलोमीटरचा घाट होता. २०१४ मध्ये नोंदणी झालेली आणि २,३८,००० किलोमीटर धावलेली आमची टर्बो डिझेल गाडी त्या घाटात अक्षरशः रांगू लागली. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. मागे काळा धूर आणि आत त्या मुलीचे कण्हणे. एरवी पंचवीस मिनिटांत चढणारा घाट चढण्यास अडतीस मिनिटे लागली. सुदैवाने रुग्णालय वेळेत गाठता आले. माता व बालक दोन्ही सुखरूप राहिली. परंतु वाया गेलेली ती तेरा मिनिटे मनातून जाईनात. गाडी मंद झाल्याचे आम्हा सर्वांना तीन महिन्यांपासून ठाऊक होते आणि कोणीही काही केले नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात एका दुरुस्ती केंद्राने टर्बो बदलण्याचे ५२,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. कोणती तपासणी केली याचा त्यात उल्लेख नव्हता. आमच्या चालकाच्या आग्रहावरून, मंजुरीस पाठवण्यापूर्वी, परिवहन सेवेतून निवृत्त झालेल्या एका वयस्क मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी इंजिनाच्या झाकणाला हातही न लावता विचारले, "साहेब, आधी लॉगबुक आणा." पुढील दोन तासांत त्यांनी जे केले व जे सांगितले, तोच या लेखाचा विषय आहे.

डिझेल इंजिनाचा श्वास

दोष शोधावयाचा तर यंत्राचे कार्य थोडे समजून घेणे अवश्य आहे. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले यशस्वी इंजिन चालवून दाखवले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरमध्ये केवळ हवा घेतली जाते आणि ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. त्या दाबाने हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलची बारीक फवारणी होताच ते आपोआप पेट घेते. ठिणगीची गरज पडत नाही.

या व्यवस्थेत हवेचे महत्त्व किती आहे, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. आपण पंपावर लिटर मोजतो ते डिझेलचे. परंतु इंजिनाचा खरा आहार हवा हा आहे. अधिक हवा कोंबता आली तर अधिक डिझेल जाळता येते आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये यासाठी पेटंट घेतले. बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुरातील वाया जाणाऱ्या शक्तीने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने बाहेरची हवा ओढायची आणि ती दाबून इंजिनात ढकलायची, अशी ही युक्ती. हाच टर्बो होय. प्रवासी मोटारीत टर्बो डिझेल इंजिन १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझने बाजारात आणले. पुढे १९९७ पासून मोटारींत कॉमन रेल पद्धत आली. तीत एका सामाईक नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली साठवून ते संगणकाच्या आज्ञेने इंजेक्टरमार्फत फवारले जाते.

घाटमाथ्यावर टर्बोचे महत्त्व अधिकच वाढते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढणारी गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर पोहोचते. तेथील हवा समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने विरळ असते. ही तूट टर्बो भरून काढतो. म्हणूनच टर्बोच्या व्यवस्थेतील दोष सपाट रस्त्यावर झाकला जातो आणि घाटात उघडा पडतो.

सारांश, इंजिनाला तीन वाटा आहेत : हवा आत येण्याची, इंधन आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची. या तिन्ही मोकळ्या असतील आणि इंजिनाचे अंतरंग धड असेल, तर गाडीला शक्ती मिळालीच पाहिजे. शोध या क्रमाने घ्यावयाचा आणि स्वस्त व सोप्या तपासणीकडून महागड्या तपासणीकडे जावयाचे, हे निदानाचे पहिले सूत्र.

पहिले उपकरण : नोंदवही

शासकीय वाहनाला एक लाभ असतो, जो खासगी वाहनाला क्वचित मिळतो. त्याच्या प्रत्येक किलोमीटरची व प्रत्येक लिटरची नोंद ठेवलेली असते. आपण ती लेखापरीक्षणासाठी ठेवतो. मिस्त्रींनी ती रुग्णाच्या तक्त्यासारखी वाचली.

मार्चअखेरपर्यंत आमची गाडी लिटरला सरासरी १२.४ किलोमीटर धावत होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून हा आकडा एकाएकी १०.१ वर आला होता. मिस्त्री म्हणाले, "म्हातारपण असं एका आठवड्यात येत नाही, साहेब." घट हळूहळू झाली असती, तर फिल्टर तुंबणे, काजळी साचणे किंवा इंजिन झिजणे यांचा संशय घेता आला असता. एकाएकी झालेली घट काहीतरी तुटले, निसटले किंवा चुकीचे बसवले गेले असे सुचवते. त्याच पानावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेडिएटर उतरवून दुरुस्त केल्याची नोंद होती. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि ते उठले.

या घटीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. महिन्याला २,००० किलोमीटर धावणारी गाडी १२.४ च्या सरासरीने सुमारे १६१ लिटर डिझेल घेते, १०.१ च्या सरासरीने १९८ लिटर. डिझेल लिटरला ९० रुपये धरले, तरी ३७ लिटरांचे ३,३०० रुपयांहून अधिक दरमहा धुरावाटे गेले. आकडा नोंदवहीत होता. तो वाचणारा कोणी नव्हता.

इंजिनाबाहेरची कारणे

गाडी मंद झाली म्हणजे इंजिनच दुबळे झाले, असे नव्हे. इंजिन धडधाकट असून त्याची शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नसेल किंवा वाटेत अडत असेल, तरी अनुभव तोच येतो. म्हणून तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली, चाकांतील हवा. दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या प्रमाणाशी ती ताडून पाहावी. दुसरी, ब्रेक. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी ढकलली असता ती सहज सरकली पाहिजे. काही किलोमीटर चालवून आणल्यावर एखाद्या चाकाजवळ इतरांपेक्षा जास्त धग लागत असेल, तर तेथील ब्रेक चिकटून राहतो असे समजावे. चाकाच्या धातूला मात्र थेट हात लावू नये. तिसरी, क्लच. वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. जळका वासही येतो. अशा गाडीला नवा टर्बो बसवला तरी ती आहे तेथेच राहील.

आमच्या गाडीत या तिन्ही बाबी ठीक निघाल्या. या तपासणीस अर्धा तास लागला. खर्च काहीच आला नाही.

धुराची भाषा

पूर्वी वैद्य नाडी पाहत, तसा जाणता यांत्रिक धूर पाहतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा इंजेक्टर जास्त अथवा ओबडधोबड फवारणी करतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बोचे सील झिजले असण्याचा संभव असतो. पांढरा धूर थंड इंजिन सुरू होताना थोडा वेळ दिसला तर काळजीचे कारण नाही. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरणारे पाणी यांपैकी एक कारण असते. धूर फारसा नाही आणि तरीही शक्ती नाही, अशीही अवस्था असते. तेव्हा इंधन कमी पडत असावे किंवा संगणकाने स्वतःहून इंधन आवरले असावे.

आमच्या गाडीचा धूर काळा होता आणि तो जोर लावल्यावरच निघत असे. रोख हवेच्या वाटेकडे होता.

हवेची वाट

ही वाट एअर फिल्टरपासून सुरू होते. आपल्याकडील मुरमाच्या व कच्च्या रस्त्यांवर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीपूर्वीच तुंबतो. तो काढून उजेडासमोर धरावा. घड्यांतून उजेड दिसत नसेल तर बदलावा. जोराच्या हवेने झोडपून तो साफ करू नये, कागद फाटतो. फिल्टरवाचून गाडी चालवणे हा तर आत्मघातच. कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर धुळीचा कण गारगोटीसारखा आदळतो.

टर्बोतून निघालेली दाबाची हवा जाड रबरी नळीने इंटरकूलरमध्ये जाते. तेथे ती थंड होते व दुसऱ्या नळीने इंजिनात शिरते. या नळ्यांवर वातावरणाच्या दाबाहून साधारण एक बार अधिक दाब येतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व तेलाच्या वाफेने रबर थिजते आणि चिरते. मौज अशी, की गाडी उभी असताना चीर मिटलेली राहते आणि दाब येताच ओठांसारखी उघडते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना नळी धड दिसते. खुणा तीन : जोर लावताच सूं असा आवाज, सांध्याभोवती तेलकट धुळीचे कडे आणि काळा धूर.

मिस्त्रींनी थंड इंजिनाच्या नळ्यांच्या खालच्या बाजूवरून बोटे फिरवली. इंटरकूलरच्या खालच्या नळीपाशी त्यांचा हात थबकला. बोटांना काळे तेल लागले. मग त्यांनी फिल्टरच्या बाजूचे तोंड बंद करून आत अगदी मंद दाबाने हवा सोडली आणि नळीवर साबणाचे पाणी शिंपडले. क्षणात फेसाचे बुडबुडे उसळले. दोन बोटे लांबीची चीर होती. रेडिएटरच्या दुरुस्तीनंतर नळी बसवताना तिला दूर धरून ठेवणारी पट्टी पुन्हा लावलेलीच नव्हती. नळी लोखंडी कोनावर घासत राहिली आणि फाटली. टर्बो इमानाने हवा ढकलत होता. ती रस्त्यावर सांडत होती.

याच वाटेवर आणखी दोन जागा पाहाव्यात. टर्बोचा दाब नियंत्रित करणाऱ्या दांड्याकडे जाणारी पातळ नळी फाटली, तरी टर्बो निष्क्रिय भासतो. तसेच आत येणारी हवा मोजणाऱ्या व दाब मोजणाऱ्या संवेदकांवर मळ साचला, तर ते संगणकाला चुकीची माहिती देतात आणि संगणक त्यानुसार इंधन तोडतो.

इंधनाची वाट

चीर सापडल्यावर आम्ही निघण्याची घाई करू लागलो. मिस्त्री म्हणाले, "एक दोष सापडला म्हणजे दुसरा नाही, असं कुठं लिहिलंय?" दोषनिदानाचे हे दुसरे सूत्र मानावयास हरकत नाही.

नोंदवहीनुसार डिझेल फिल्टर बदलण्याची मुदत १४,००० किलोमीटरपूर्वीच उलटून गेली होती. तुंबलेला फिल्टर सपाटीवर पुरेसे इंधन देतो. लांब चढावर मात्र मागणी वाढते आणि इंजिन उपाशी पडते. गाडी चढावर मरगळते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा ताजी होते, ही त्याची ओळख. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी स्क्रू सैल करून वेळोवेळी काढावे लागते, विशेषतः पावसाळ्यात आणि पिंपातून डिझेल भरले असल्यास. आमच्या फिल्टरमधून अर्धी वाटी गढूळ पाणी निघाले.

टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळीत एखादा सांधा सैल असला, तर तेथून डिझेल गळतेच असे नाही. उलट हवा आत ओढली जाते. पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का, ते पाहता येते. इंजेक्टर झिजले असल्यास त्यांच्याकडून परत येणारे डिझेल समान वेळेत छोट्या बाटल्यांत जमा करून मोजतात. ज्याची बाटली इतरांहून फार भरते, तो इंजेक्टर दोषी. ही तपासणी जाणकारानेच करावी.

येथे एक धोक्याची सूचना देणे कर्तव्य आहे. जुन्या इंजिनांत नळीचा सांधा सैल करून कोणता सिलिंडर काम करतो, हे पाहण्याची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनात तसे कदापि करू नये. इंजिन नुसते सुरू असतानाही त्या नळीत सुमारे २५० ते ३०० बार दाब असतो व जोर लावल्यावर तो १,३०० ते १,६०० बारपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. गळती हाताने चाचपू नये.

धुराची वाट

सायलेन्सरकडील वाट कोंडली, तर इंजिनाला श्वास सोडताच येत नाही. येथे तीन जागा महत्त्वाच्या. पहिली, धुराचा काही भाग प्रदूषण कमी करण्यासाठी पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, ज्याला ईजीआर म्हणतात. काजळी व तेलाची वाफ मिळून त्यावर डांबरासारखा थर बसतो. तो उघड्या अवस्थेत अडकला, तर इंजिनाला ताज्या हवेऐवजी धूरच मिळतो; गाडी मंद होते आणि काळा धूर सोडते. तो काढून साफ करणे हा उपाय आहे. पत्रा लावून तो कायमचा बंद करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. शासकीय वाहनाच्या बाबतीत तरी तो मुळीच स्वीकारू नये.

दुसरी जागा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. तो आतून तुंबल्यास वरच्या वेगात शक्ती अडते. तिसरी, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-सहा मानकांच्या डिझेल गाड्यांत आलेला काजळी फिल्टर. गाडी सतत जवळच्या फेऱ्यांवर संथ फिरत राहिली, तर त्यातील काजळी जळण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही आणि तो भरतो. त्याचा दिवा लागताच, माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे, मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. दिव्याकडे दुर्लक्ष करणे फार महाग पडते.

संगणकाची साक्ष

आधुनिक गाड्यांत चालकाच्या पायांजवळ सोळा पिनांचे एक खोबण असते. त्याला तपासणी यंत्र जोडले, की संगणकाने नोंदलेले दोषांक दिसतात. आमच्या गाडीत पी ०२९९ हा अंक आला. त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. दुरुस्ती केंद्राने बहुधा हाच अंक पाहून टर्बो बदलण्याचे लिहिले असावे. परंतु अंक एवढेच सांगतो, की दाब कमी आहे. दाब का कमी आहे, हे तो सांगत नाही. टर्बो निकामी असेल, नळी फाटली असेल, नियंत्रक नळी निसटली असेल किंवा संवेदक चुकत असेल, अंक तोच येईल. ताप मोजणारी काच ताप दाखवते. रोग वैद्याला शोधावा लागतो.

टर्बो सर्वांत शेवटी

एवढे झाल्यावर मिस्त्रींनी टर्बोही पाहिला. इंजिन बंद व थंड असताना हवेची नळी काढून त्यांनी चक्र बोटाने फिरवले. पाती अभंग होती आणि चक्र सहज फिरत होते. दांडा आडवा किंचित हलला. त्यांनी सांगितले, की तेवढे हलणे साहजिक आहे, कारण दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. तो मागेपुढे हलला किंवा पाती कवचाला घासत असली, तरच टर्बो बाद समजावा.

टर्बो खरोखरच गेला असेल, तर तो का गेला हे पाहिल्याशिवाय नवा बसवू नये. त्याला तेल पोहोचवणारी बारीक नळी जळक्या तेलाने तुंबलेली असेल, तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जाईल. ऑइल वेळेवर बदलणे, सुरू करताच इंजिन न रेमटवणे आणि घाट चढून आल्यावर बंद करण्यापूर्वी एक-दोन मिनिटे संथ चालू ठेवणे, ही टर्बोच्या दीर्घायुष्याची पथ्ये होत.

या साऱ्यांतून काही सापडले नाही, तरच इंजिनाच्या अंतरंगाकडे वळावे : सिलिंडरमधील दाब, व्हॉल्व्हमधील अंतर, रिंगांची झीज. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल केल्यावर तेथून जोराने वाफारा येत असेल, तर झीज बरीच झाली आहे असे समजावे.

निष्पत्ती

आमच्या गाडीला नवी नळी, ती दूर धरणारी पट्टी, डिझेल व हवेचे फिल्टर आणि मजुरी मिळून ४,३०० रुपये खर्च आला. ५२,००० रुपयांचे अंदाजपत्रक कारणासह नामंजूर झाले. आठवड्याने गाडी पुन्हा त्याच घाटाने गेली. नऊ किलोमीटर चोवीस मिनिटांत, बहुतांश तिसऱ्या गिअरमध्ये. पुढील महिन्याची सरासरी १२.२ आली. चालकाने तो आकडा नोंदवहीत लाल शाईने लिहिला.

या अनुभवावरून कार्यालये, पंचायत समित्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे व वाहन बाळगणाऱ्या ग्रामपंचायती यांनी काही साध्या प्रथा पाळाव्यात, असे सुचवावेसे वाटते :

१. दरमहा नोंदवहीतील सरासरी काढावी व मागील तीन महिन्यांशी ताडावी. एकाएकी दहा टक्क्यांहून अधिक घट झाल्यास तपासणी करावी.

२. हवा, डिझेल व ऑइलचे फिल्टर बदलल्याचे किलोमीटर नोंदवहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावेत.

३. प्रत्येक दुरुस्तीत कोणता भाग काढला व पुन्हा बसवला, याची नोंद घ्यावी. पुढील दोषाचा माग तेथूनच लागतो.

४. मोठ्या खर्चाच्या अंदाजपत्रकासोबत कोणती तपासणी केली व काय आढळले, याचा लेखी अहवाल मागावा. केवळ दोषांकावर मंजुरी देऊ नये.

५. चालकाची तक्रार लेखी घ्यावी. गाडी कोणत्या चढावर, कोणत्या गिअरमध्ये दमते, हे त्याच्याइतके कोणास कळत नाही.

शिक्षक बंधू-भगिनींनाही एक विनंती. दाब, ज्वलन, उष्णता हे विषय वर्गात शिकवताना गावात उभी असलेली डिझेल गाडी हे चालते-बोलते उपकरण आहे. साबणाच्या बुडबुड्याने चीर शोधण्याचा प्रयोग सायकलच्या ट्यूबवर कोणत्याही शाळेत करता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाकडे वळू शकणाऱ्या एखाद्या मुलाला वा मुलीला त्यातून दिशा मिळेल.

पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवली जात नाही. तोवरची पंधरा वर्षे मात्र गाडीने पूर्ण क्षमतेने सेवा द्यावी, हे पाहणे आपल्या हाती आहे. सार्वजनिक वाहन हे कार्यालयाचे असते तसेच ते घाटाच्या पायथ्याशी हात दाखवून उभ्या असलेल्या माणसाचेही असते. तो माणूस अमुक दिवशी येईन असे कळवून येत नाही. तो येईल तेव्हा गाडी चढली पाहिजे.